आधीच्या चार पेट्या

गेल्या पावसाळ्यात नागपूरहून एका तरुण डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांचे वडील राळेगावला जिनिंगमध्ये मुनीम होते. आमचा घरोबा, म्हणून त्या मला काका म्हणतात. म्हणाल्या, "काका, क्लिनिकमध्ये कॉस्मेटिक गायनॅकॉलॉजी सुरू करतेय. पेशंटचे बिफोर-आफ्टर फोटो लागतील. तुम्ही जन्मभर हेच केलंत. लाइट कसा लावायचा तेवढं सांगा."

मी विदर्भातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात 1983 ते 2014 'छायाचित्रकार-नि-कलाकार' होतो. पदाचं नाव असंच आहे, सरकारी. त्याआधी राळेगावात वडिलांच्या फोटो स्टुडिओत डार्करूम सांभाळत होतो. लाइट कसा लावायचा हे फोनवर पाच मिनिटांत सांगता आलं असतं. पण मी म्हटलं, लिहून पाठवतो. लिहायला बसलो आणि 'आधी' आणि 'नंतर' ही जोडी मुळात आली कुठून, कुणासाठी आली, हे शोधण्यात पावसाळा सरला. त्या शोधातलं जे पक्कं हाती लागलं ते इथे मांडतो. माझ्या स्वतःच्या हातून जे झालं तेही मांडावं लागेल, त्याला इलाज नाही.

सुरुवात पुण्यापासून करावी लागते, आणि तीही कॅमेऱ्याचा जन्म होण्याआधी. 1792 च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा एक गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. साधारण वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज सर्जनांनी ती शस्त्रक्रिया पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने 1794 च्या सुरुवातीला गाडीवानाचं चित्र काढलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये पत्र आणि चित्र छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनाने 1814 मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. युरोपातल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा इतिहास या पत्राशिवाय लिहिता येत नाही.

पत्रात शस्त्रक्रियेचे बारकावे आहेत. उरलेल्या नाकाच्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवून नाकाचा आकार घ्यायचा, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्या कडेने रेघ आखायची आणि तेवढी कातडी सोडवायची. जखमेवर लावायचं ते औषध म्हणजे आपला कात. मला पहिल्यांदा वाचताना गंमत वाटली ती नावांची. पत्रात गाडीवानाचं नाव कावसजी असं दिलं आहे, आणि जातीने तो शेती करणारा मराठा. नाव पारशी आणि जात कुणबी हे जुळत नाही. तो कुणी कावजी असावा असं मला आपलं वाटतं. ते असो. शस्त्रक्रिया करणाऱ्याचं मात्र नावच नाही. विटा पाडणाऱ्या जातीचा एक माणूस, एवढंच. म्हणजे ज्याने नाक केलं तो निनावी राहिला आणि ज्याचं नाक गेलं तो नावानिशी, चेहऱ्यानिशी जगभर पोचला. आज नेमकं उलट असतं. क्लिनिकच्या पाटीवर डॉक्टरांचं नाव ठळक आणि पेशंटच्या डोळ्यांवर काळी पट्टी.

आणखी एक. वेल्सच्या चित्रात 'आधी' नाही. 'नंतर'चा माणूस समोर बसला आहे आणि नसलेलं नाक, मेणाचा पत्रा, कपाळावरची रेघ हे सगळं बाजूच्या छोट्या रेखाकृतींमध्ये आहे. तेव्हा 'आधी' दाखवायची गरज नव्हती. नाक कापलेला माणूस म्हणजे काय हे वाचणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं.

कॅमेरा आल्यावर 'आधी' स्वस्त झालं. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्यात डॉ. नारायण दाजी होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकून बाहेर पडलेले, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू, आणि हिंदुस्थानातल्या पहिल्या देशी छायाचित्रकारांपैकी एक. भाऊ दाजी कडू कवठाच्या तेलाने कुष्ठरोगावर उपचार करत होते. एका भावाच्या हातात औषध आणि दुसऱ्याच्या हातात कॅमेरा, असं घर होतं ते. वैद्यकाने कॅमेरा जवळ केला त्याला इथे फार काळ लागला नाही, हे यावरून कळावं.

इकडे मुंबईत हे चाललं असताना इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या मनोरुग्णालयात डॉ. ह्यू डायमंड बायकांचे फोटो काढत होते. 1856 साली त्यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. त्या निबंधातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: डायमंड ते फोटो त्या बायकांनाच दाखवत. स्वतःचं चित्र पाहून पेशंटमध्ये काय फरक पडतो हे त्यांना बघायचं होतं. पद्धतीबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, पण फोटो आधी पेशंटच्या हातात जात होता. एवढ्या इतिहासात असा दुसरा माणूस मला सापडला नाही.

पुढचं उदाहरण डॉक्टरी पेशातलं नाही, पण जोडीचा खरा धंदा तिथूनच सुरू झाला. लंडनमध्ये अनाथ मुलांसाठी काम करणारे टॉमस बर्नार्डो मुलांचे दोन फोटो काढवून विकत असत. पहिला फाटक्या कपड्यांत, रस्त्यावरून आल्या दिवशीचा. दुसरा स्वच्छ कपड्यांत, हातात हत्यार घेऊन कामाला लागलेला. वर्गणी गोळा होत असे. 1877 मध्ये त्यांच्यावर आरोप झाले, लवादापुढे चौकशी झाली, आणि मुलांचे कपडे मुद्दाम फाटके दाखवल्याचं बाहेर आलं. लवादाने बाकी बऱ्याच आरोपांतून त्यांना मोकळं केलं, पण या फोटोंना 'कलात्मक कल्पित' म्हटलं आणि त्यावर ताशेरे ओढले. 'आधी'ला जरा जास्त वाईट केलं की 'नंतर' आपोआप सुधारतं, ही युक्ती तेव्हाच माहीत झाली होती.

आता माझ्या कामाकडे येतो.

आमच्या भागात प्लास्टिक सर्जरीला मोठी परंपरा आहे. देशातला प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग 1958 साली नागपूरच्या मेडिकल कॉलेजात डॉ. सी. बालकृष्णन यांनी उभा केला. दुभंगलेल्या ओठ-टाळूचं त्यांचं वर्गीकरण आजही नागपूरच्या नावाने ओळखतात. मी नोकरीला लागलो तेव्हा फाटलेल्या ओठांचे आणि जळालेल्या गळ्यांचे फोटो हेच आमच्या कामाचं आदर्श रूप मानलं जाई. नियम साधे पण कडक. दोन्ही वेळा तीच लेन्स, तेच अंतर, तोच लाइट, तोच कोन, मागे तीच निळी किंवा हिरवी चादर. कातडी ओली नको, दागिना नको. यातलं एक जरी चुकलं तर जोडी बाद. चिमुकल्या पोराच्या ओठाचा 'नंतर'चा फोटो त्याच्या आईच्या हातात दिला की ती जे करायची ते मी नुसतं पाहत राहायचो.

स्त्रीरोग विभागाकडून बोलावणं आलं की मात्र पोटात गोळा यायचा. सिस्टर आत उभी असल्याशिवाय मी पाऊल टाकत नसे. बाई टेबलावर पाय वर बांधून, चेहरा पडद्याच्या पलीकडे. मी कॅमेऱ्यातून बघायचो तेवढाच चौकोन बाहेर उघडा. अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या, बाळंतपणात खालपर्यंत फाटून गेलेल्या बाया. आमच्या भागात हे दुखणं अंगावर काढलं जातं. किती काढलं जातं याची मोजदाद शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी केली. 1989 च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये ती छापून आली. दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या. त्यातल्या 92 टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या अवघ्या 8 टक्के. हे आकडे मी वाचले तेव्हा मला माझ्या टेबलावरच्या बाया आठवल्या. ज्या अंगाकडे उभ्या जन्मात कुणी डॉक्टरने पाहिलं नव्हतं, त्याकडे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डॉक्टरबरोबर कॅमेराही होता.

1987 मध्ये वर्धा नदीकाठच्या एका गावची बाई दाखल झाली. पाच बाळंतपणं घरीच. कमरेला ओटी बांधून कापूस वेचायची, आणि अंग बाहेर येऊ नये म्हणून आत चिंध्या कोंबून दिवस काढायची. मी फ्लॅश जुळवत होतो तेव्हा पडद्यामागून आवाज आला, "भाऊ, यात माहं तोंड त नाई येत ना?" मी म्हटलं, "नाही बाई, अजिबात नाही." ते खरं होतं. पण लाजेने तिने लुगड्याचा काठ घट्ट धरला होता आणि तो हात चौकटीत आला होता. मनगटाच्या वर हिरवं गोंदण, तुळशीवृंदावन आणि त्याखाली तिचं नाव. हात बाजूला घ्या, एवढं म्हणायचं मला सुचलं नाही. चेहरा म्हणजे ओळख, एवढंच आम्हाला शिकवलेलं.

शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली. सहा आठवड्यांनी परत दाखवायला ये म्हणून सांगितलं होतं, ती आली नाही. बहुतेक येत नसत. वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून कोण एसटीने येणार? म्हणून आमच्याकडे 'आधी'च्या पेट्या भरत गेल्या आणि 'नंतर'ची रिकामीच राहिली.

1991 मध्ये एका महिला आरोग्य मेळाव्यासाठी पोस्टर करायचं ठरलं. वरून निरोप आला, त्या विषयाची एक चांगली जोडी द्या. 'आधी' भरपूर होते. मी तो 1987 चा निवडला, कारण त्यात दोष स्पष्ट दिसत होता. 'नंतर' मात्र तिचा नव्हताच. "जुळणारा एखादा बघ ना," असं मला सांगण्यात आलं. मी बघितला. दुसऱ्या एका बाईचा, तोच कोन, तीच हिरवी चादर. दोघी शेजारी चिकटवल्या, खाली 'उपचारापूर्वी' आणि 'उपचारानंतर' असं सुबक अक्षरांत लिहिलं. अक्षर माझंच. पदाच्या नावातला 'कलाकार' तिथे कामी आला.

मेळावा एका आठवडी बाजाराच्या गावात होता. दुपारी पोस्टरसमोर तीन-चार बाया थांबल्या. त्यातली एक म्हणाली, "हा त तिचा हात होय व माय," आणि नाव घेतलं. मी दहा फुटांवर होतो. ते नाव पोस्टरवर होतं, गोंदलेलं, वाचता येईल इतकं. डावीकडच्या चित्रात गोंदण आणि उजवीकडच्यात नाही, हे मात्र त्यांच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. डॉक्टरांच्याही नाही.

पंधरा दिवसांनी त्या बाईचा भाऊ आमच्या राळेगावच्या स्टुडिओत आला. वडील काउंटरवर होते, मी सुटीवर घरी. त्याने खिशातून वीस रुपयांची नोट काढून काचेवर ठेवली आणि म्हणाला, "तेचं निगेटिव्ह द्या." स्टुडिओत लग्नाचं निगेटिव्ह विकत मिळतं हे त्याला माहीत होतं. मी त्याला समजावून सांगू लागलो की ती स्लाइड असते, तिला निगेटिव्ह नसतं, आणि ती सरकारची मालमत्ता आहे, माझी नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग नोट उचलली, नीट घडी घातली आणि गेला. वडिलांनी त्या संध्याकाळी मला काहीही विचारलं नाही. त्यांच्या स्टुडिओत कुणाचाही फोटो शोकेसमध्ये लावायचा तर आधी त्याच्या घरी जाऊन विचारण्याची रीत होती.

हे मी एवढं सविस्तर लिहिलं, कारण पुढे नियम वाचताना मला कायम त्या काचेवरची नोट दिसते. भारतीय वैद्यक परिषदेची 2002 ची आचारसंहिता सांगते की ओळख पटेल अशा रीतीने पेशंटचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय छापू नये. आणि लगेच पुढे म्हणते, ओळख उघड होणार नसेल तर संमतीची गरज नाही. आमच्या विभागात हे दुसरं वाक्यच पाठ होतं. ज्या शाखेत चेहरा कधी चौकटीत येतच नाही तिथे याचा अर्थ काय होतो ते बघा: संमती कधीच नको! पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने 66 ई कलम आलं. त्यात चेहऱ्याचा प्रश्नच नाही. कुणाच्याही गुप्तांगाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय काढलं, छापलं किंवा पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. डॉक्टरांच्या नियमाने ओळख राखली, कायद्याने अंग राखलं. हा फरक कळायला मला स्वतःला निवृत्ती जवळ येईपर्यंत वेळ लागला.

आता डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नाकडे. कॉस्मेटिक गायनॅकॉलॉजी म्हणजे बाळंतपणात फाटलेलं शिवणं नव्हे. लघु भगोष्ठ छोटे करणं, योनिमार्ग लेसरने 'घट्ट' करणं, कातडी उजळ करणं, असं त्यात बरंच येतं. भगोष्ठ केवळ दिसण्यासाठी छोटे करण्याची शस्त्रक्रिया हॉजकिन्सन आणि हेट या दोघांनी 1984 मध्ये प्लास्टिक सर्जरीच्या नियतकालिकात मांडली. म्हणजे मी नोकरीला लागलो त्याच्या पुढच्या वर्षी. माझ्या टेबलावर त्यासाठी कुणी कधी आली नाही.

काही बायांना खरोखर त्रास असतो, सायकल चालवताना काचतं, दुखतं. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझा प्रश्न जोडीतल्या पहिल्या फोटोबद्दल आहे. पुण्याच्या गाडीवानाला नाक नव्हतं. फाटक्या ओठाच्या पोराला दूध ओढता येत नव्हतं. तिथे 'आधी'मधला दोष फोटोने केलेला नव्हता. पण जिथे काही बिघडलेलंच नाही तिथे? 2005 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी 50 स्त्रियांची मोजमापं घेऊन छापली. लघु भगोष्ठांची लांबी 20 मिलिमीटरपासून 100 पर्यंत, रुंदी 7 पासून 50 पर्यंत निघाली. यातलं नॉर्मल कोणतं? सगळंच. मात्र यातलं कोणतंही एक उचलून त्याखाली 'आधी' असं लिहा आणि शेजारी कापून छोटं केलेलं ठेवा. बघणारीला पहिल्यात आजार दिसू लागतो. हे मी नुसतं अंदाजाने म्हणत नाही. ऑस्ट्रेलियात 97 तरुण स्त्रियांवर केलेला एक प्रयोग 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीला शस्त्रक्रिया केलेल्या अंगांची चित्रं दाखवली, त्यांना नंतर तीच अंगं जास्त नॉर्मल वाटू लागली.

त्यात आमच्या धंद्यातल्या युक्त्यांची भर. पहिल्या फोटोला लाइट बाजूने घ्या, प्रत्येक वळीची सावली पडते आणि कातडी काळी दिसते. दुसऱ्याला लेन्सभोवतीचा गोल फ्लॅश लावा, सावल्याच नाहीशा होतात. पाय थोडे जास्त फाकवले की ओठ ताणून पातळ दिसतात. पहिल्यात केस, दुसऱ्यात नाहीत. कॅमेरा चार बोटं पुढे घेतला की सगळं मोठं. सुरी न लावता मी अर्ध्या तासात अशी जोडी काढून दाखवीन, एकाच बाईची, एकाच दुपारी.

अमेरिकेतल्या प्रसूती-स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2007 मध्येच सांगितलं होतं की या उपचारांची सुरक्षितता आणि उपयोग सिद्ध झालेला नाही. 2018 च्या जुलैत तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने लेसरच्या यंत्रांबद्दल इशारा दिला. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये नवे नियम काढले. बऱ्या झालेल्या पेशंटचे किंवा शस्त्रक्रियेचे छाप पाडणारे फोटो समाजमाध्यमांवर कोणत्याही परिस्थितीत टाकू नयेत, असं त्यांत स्पष्ट होतं. तीन आठवड्यांच्या आत, 23 ऑगस्टला, ते सगळे नियम स्थगित झाले. त्यामुळे पुन्हा 2002 ची संहिताच लागू झाली. केलेल्या शस्त्रक्रियांची आणि बऱ्या केलेल्या रोग्यांची बढाई मारू नये, असं तीही म्हणतेच. 'बिफोर-आफ्टर'ला दुसरं काय म्हणतात?

डॉक्टरीणबाईंना मी शेवटी तीन पानं लिहून पाठवली. लेन्स, अंतर, लाइट, जमिनीवर टेबलाच्या पायांच्या खुणा, सगळं. हात, गोंदण, काळा दोरा, करगोटा चौकटीत येऊ नये हे लाल शाईत. फोटो काढल्यावर कॅमेरा बाईच्या हातात द्यायचा, तिने बघून हो म्हटलं तरच ठेवायचा, हेही. आणि तो फोटो तिच्या फाइलमध्ये राहील. दुसऱ्या पेशंटला दाखवायचा नाही. त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "काका, बाकी सगळं मान्य. पण दुसऱ्या पेशंटला दाखवायचं नाही म्हणता, मग फोटो काढायचा कशाला?" मी म्हटलं, तिचं तिला कळावं म्हणून, आणि उद्या काही बिघडलं तर तुझ्याकडे पुरावा असावा म्हणून. त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, दिवाळीत राळेगावला येते, तेव्हा बोलू.

त्या आल्या की त्यांना माळ्यावरच्या पेट्या दाखवणार आहे. कॉलेजात डिजिटल आलं तेव्हा जुन्या स्लाइड भंगारात निघाल्या होत्या. कागदोपत्री पेशंटच्या नोंदी तीन वर्षंच जपायच्या असतात, आणि या तर वीस-पंचवीस वर्षांच्या. भंगारवाल्याकडे जाऊ नयेत म्हणून मी त्या घरी आणल्या. 'आधी'च्या चार पेट्या आहेत, 'नंतर'ची एक, तीही पुरती भरलेली नाही. यंदाच्या पावसात पुष्कळ स्लाइडवर बुरशी चढली आहे, कडेकडून आत येते आहे. 1987 ची ती स्लाइड मी वेगळी काढून ठेवली आहे. तिच्या भावाचं गाव मला माहीत आहे. वडकीवरून फाटा फुटतो.